फ्लॅनेलची खोळ

आमच्या पिरोत गावात भर जुलैच्या उन्हात गळ्याला रुमाल गुंडाळून कुणी चाललेलं दिसलं, तर तो आमचा ग्रादिमिर समजावा. वय एकाहत्तर, अंगाने शिडशिडीत, बोटांच्या टोकांना सुईचे घट्टे. डावी पापणी कायम अर्धी मिटलेली. हसतो तेव्हा तोंडाची उजवी बाजू हसते आणि डावी नुसती बघत राहते. नव्या माणसाला वाटतं, हा आपली टिंगल करतोय. तसं काही नाही. टिंगल करण्याइतकी हिंमत त्या माणसात कधी नव्हतीच.

गावात त्याला भित्रा म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? विसाव्या वर्षी तो सैन्यात होता, सगळ्यांनाच जावं लागायचं तेव्हा. ऑगस्टातल्या एका दुपारी फुटबॉल खेळून घामाने निथळत तो ट्रकमध्ये चढला आणि पुढून-मागून ताडपत्री उघडी होती तिथे मधोमध बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा घोट घेतला, तर चहा ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर. तोंडावरून वारं गेलं होतं. सैन्यातल्या डॉक्टरने चेहरा बघितला, 'प्रोमाया' एवढा एकच शब्द उच्चारला आणि पुढच्याला आत बोलावलं. प्रोमाया म्हणजे आरपार वारं, समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून घुसतं ते. आमच्याकडे सगळेच त्याला घाबरतात. कान ठणकला, वारं. कंबर धरली, वारं. बसमध्ये माणसं उकडून निघतील, पण दोन्ही बाजूंच्या खिडक्या एकदम उघडू देणार नाहीत. फरक एवढाच, की बाकीचे ही भीती तोंडाने बोलतात आणि ग्रादिमिर ती तोंडावर घेऊन फिरतो.

धंद्याने तो गादीकाम करणारा. सोफे, खुर्च्या, बसच्या सीटा, सगळं केलं त्याने नदीकाठच्या एका खोलीत बसून. त्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एक त्याने पहिल्याच वर्षी विटा लावून बुजवली. बायको होती तोवर ती त्याला बोलायची, "अरे, मासा तरी बरा, त्याला पाण्याची भीती नाही. तुला श्वास घ्यायचीसुद्धा भीती." ती जाऊन आता नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्याला कुणी अशा प्रेमाने बोललं नाही.

मग इस्क्रा जन्माला आली. मुलगा निनोस्लाव आणि सून स्लाजाना यांची एकुलती एक. पोरीला घामच येत नाही. घाम यायला अंगात जे लागतं, तेच जन्मतः नाही. डोक्यावर विरळ केस, सहा वर्षांची झाली तरी तोंडात चारच दात, तेही टोकदार. डॉक्टर म्हणाले, शिकेल, मोठी होईल, सगळं करेल, फक्त तापू द्यायची नाही. आपल्याला उकडलं की अंगाला पाणी सुटतं आणि अंग निवतं. तिचं नुसतं तापतच जातं, आणि एका हद्दीपलीकडे गेलं की मग परत आणता येईलच असं नाही. म्हणून तर निनोस्लावने ती सात सीटांची जुनी गाडी घेतली, दोन्ही बाजूंना सरकती दारं असलेली. तिचा एसी दणदणीत होता. सीटा ग्रादिमिरने स्वतः नव्याने शिवून दिल्या.

आता बघा दैवाचा खेळ. ज्या पोरीला गार वाऱ्यावाचून जगता येत नाही, तिच्या नशिबी आजोबा कोण यावा, तर हा.

गेल्या वर्षी जूनमध्ये दोघं मागच्या सीटवर बसून निश शहरातून घरी येत होते. गाडी निनोस्लाव चालवत होता. एसीचा झोत थेट पोरीच्या मानेवर येत होता. ग्रादिमिरला ते बघवेना. त्याने हळूच मागचं बटण बंद केलं, झडपा मिटल्या आणि स्वतःचा रुमाल तिच्या गळ्याला गुंडाळला. पोर झोपली. घरी पोचल्यावर उठवायला गेले तेव्हा कळलं, ती झोपलेली नाहीच, शुद्धच हरपली आहे. ताप एकेचाळीस डिग्री. दोन दिवस दवाखान्यात सगळ्यांचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी पोर बिस्कीट मागायला लागली, तेव्हा स्लाजाना सासऱ्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"बाबा, मी ओरडत नाहीये, फक्त सांगतेय," ती म्हणाली. "यापुढे तुम्ही त्या बटणाला किंवा झडपांना हात लावलात, तर इस्क्रा तुमच्याकडे एकटी राहणार नाही. कधीच नाही."

ग्रादिमिरने घरच्या संताच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावून शपथ घेतली, बटणाला आणि झडपांना हात लावणार नाही. इस्क्रा रोज दुपारी त्याच्या बुजवलेल्या खिडकीच्या खोलीत पंखा लावून बसायची, त्याच्या चिंध्यांचे घोडे करायची. ते बंद झालं असतं तर त्याच्या दिवसात उरलंच काय असतं? शपथ त्याने पाळलीही. बटणाला बोट लावलं नाही.

पण हिवाळ्यात पोरीचा कान दोनदा फुटला. डॉक्टर म्हणाले सर्दी. ग्रादिमिरला माहीत होतं सर्दी कशाची ते. रात्ररात्र तो तिचं कण्हणं ऐकत जागा राहायचा. मार्चमध्ये निनोस्लावने एसीचा नवा फिल्टर आणला आणि म्हणाला, "बाबा, तुमचे हात बारीक कामाचे आहेत, तुम्हीच बसवा." तो बसतो पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे. कप्पा काढायचा, जुना फिल्टर ओढायचा, नवा सरकवायचा, झालं. ग्रादिमिरने नव्या फिल्टरचं माप घेतलं आणि कामाच्या खोलीत जाऊन त्याला खोळ शिवली. दुहेरी फ्लॅनेल, मध्ये कापसाचा पातळ थर, चारी कडांना दाबशिलाई. गारवा येऊ दे, त्याच्या मनात आलं, फक्त वाऱ्याचा दात मोडू दे. खोळ घातलेला फिल्टर सरकवून त्याने कप्पा लावला आणि कुणाला सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्याला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

मे महिन्यात एसीची कुरबुर सुरू झाली. गावातल्या गावात सगळं ठीक. तास-दीड तासाचा रस्ता झाला, की झोत मंदावत मंदावत फुंकर घातल्यासारखा व्हायचा आणि मग नाहीच. गाडी थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा बर्फासारखी हवा. निनोस्लावचं धाबं दणाणलं. तो गाडी घेऊन तोझाकडे गेला. तोझा हा गाड्यांच्या एसीचा मिस्त्री, ग्रादिमिरच्या शाळेतला. त्याने गॅसचा दाब मोजला, बरोबर. गळतीसाठी रंग सोडून दिव्याने शोधलं, गळती नाही. विजेचा रिले बदलला, पुढचा पंखा तपासला, तारा हलवून पाहिल्या. गाडी दारात आली की एसी असा सुरेख चालायचा, की तोझालाच शंका यायची, निनोस्लावला उन्हाने भास होत असतील.

तिसऱ्या खेपेला, जुलैतल्या एका मंगळवारी, निनोस्लाव सगळ्यांनाच घेऊन निशपर्यंत जाऊन आला, जाता-येता पहाटेच्या गारव्यात, आणि तसाच तोझाकडे आला. ग्रादिमिर अंगणातल्या बाकावर कॉफी घेऊन बसला होता. तोझा गाडीखाली वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

"हे पाणी बघ," तो म्हणाला. "एसीखाली थोडं टपकतं, ते चालतं. हे तर अख्खी बादली उपडी केल्यासारखं आहे. आत बर्फ धरतोय, निनो. बर्फाने वाट बुजते, हवा यायची थांबते. इथे येऊन उभी राहिली की वितळतं सगळं आणि मला मेल्याला गाडी ठणठणीत दिसते."

"पण बर्फ धरतोय कशाने?"

"हवा पुरत नसेल. कुठेतरी काहीतरी गळा दाबतंय तिचा. फिल्टर कधी बदललास?"

"मार्चमध्ये. बाबांनीच बसवला."

"ग्रादाने? मग तो बघायलाच नको. हा टाकासुद्धा मोजून घालणारा माणूस," तोझा म्हणाला आणि हात पुसायला लागला.

कप ग्रादिमिरने बशीत ठेवला तर तो किणकिणायला लागला, म्हणून पुन्हा हातात घेतला. आता बोल, त्याने स्वतःला सांगितलं. अरे, आता बोल. तेवढ्यात स्लाजाना इस्क्राला घेऊन सावलीत येऊन उभी राहिली. पोरीच्या डोक्यावर ओली टोपी, अंगात ओला सदरा. स्लाजानाने सासऱ्याकडे पाहिलं, तेही काही संशयाने नाही, सहज पाहिलं. ग्रादिमिर मूग गिळून बसला.

"सोमवारी आण," तोझा म्हणाला. "सगळं उघडतो."

"शुक्रवारी बेलग्रेडला जायचंय," निनोस्लाव म्हणाला. "हिचे दात बसवायचेत. सात महिने थांबलोय त्या तारखेसाठी."

"मग जा. बंद पडला तर घाबरायचं नाही. एसीचं बटण बंद, पंखा जोरात चालू. पंधरा मिनिटांत बर्फ वितळतो."

"आणि त्या पंधरा मिनिटांत ही?" स्लाजानाने विचारलं.

तोझा मान खाली घालून हात पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

गुपचूप खोळ काढायची असं ग्रादिमिरने त्याच दिवशी ठरवलं. किती सोपं काम! पाच मिनिटं आणि रिकामी गाडी. पण बुधवारी, गुरुवारी गाडी निनोस्लावबरोबर कारखान्यात. गुरुवारी संध्याकाळी ती अंगणात आली, तर स्लाजाना तिच्यात बसून आवरायला लागली, गार पिशव्यांचा डबा, पाण्याच्या बाटल्या, फवाऱ्याची बाटली, पोरीचे चार सुती सदरे. ग्रादिमिर दोनदा खाली गेला. दोन्ही वेळा तिने विचारलं, "काय हवंय, बाबा?" दोन्ही वेळा तो म्हणाला, "काही नाही गं, मदत करू का?" खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य त्याने जिन्यावर उभं राहून मनात दहा वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी त्या वाक्याच्या पुढे त्याला इस्क्राविना रिकामी पडलेली खोली दिसायची, आणि तो जिना चढून परत जायचा. माणूस वाईट नव्हता हो. घाबरट होता, आणि घाबरटपणाने वाईट माणसाइतकंच नुकसान होतं.

शुक्रवारी पहाटे पाच वाजता निघाले. ग्रादिमिर पुढे बसला, गुडघे त्या कप्प्याला टेकलेले. मागे इस्क्रा आणि स्लाजाना. सकाळ गार होती, एसी कमीवरच होता. बेलग्रेडजवळ झोत जरा मंद झाला, पण तोवर पोचलेच. दवाखान्यात पोरीला आत नेलं आणि बाकीचे बाहेर वाट बघत बसले असताना ग्रादिमिर उठला. "पाणी गाडीत राहिलं," म्हणाला आणि किल्ली घेऊन तळघरातल्या पार्किंगमध्ये गेला. कप्प्याच्या दोन खिट्ट्या त्याने काढल्या. तिसरी काही केल्या निघेना.

"बाबा, काय करताय?"

मागे निनोस्लाव उभा. पोरीची गार पिशवी न्यायला आला होता.

"रुमाल शोधतोय."

"रुमाल तुमच्या गळ्यात आहे," निनोस्लाव म्हणाला आणि हसला. "चला वर. इस्क्रा तुम्हालाच हाका मारतेय. दात दाखवायचेत तिला."

ग्रादिमिर बाहेर आला. दोन खिट्ट्या तशाच सुट्या राहिल्या. वर गेला तर पोर खुर्चीत बसून आरशात बघत होती. तोंडभर दात. तिने आजोबाकडे वळून असं काही हसून दाखवलं की त्याला क्षणभर सगळ्याचा विसर पडला.

"आजोबा, आता मी सफरचंद चावून खाणार. तू फोडी करू नकोस."

"नाही करत," तो म्हणाला. "अख्खं देतो."

निघायला एक वाजला. साडेतीनपर्यंत निश गाठू, मग तासाभरात घर, असा निनोस्लावचा हिशेब. बाहेर एकेचाळीस डिग्री. हमरस्त्यावर तुर्कस्तानकडे सुटीला निघालेल्या गाड्यांची रांग होती, टपांवर सामान बांधलेलं. एसी पूर्ण जोरावर होता आणि ग्रादिमिर झोताचा आवाज ऐकत होता. बाकी काही त्याला ऐकू येत नव्हतं. दोन वाजेपर्यंत आवाज भरलेला होता. सव्वादोनला पुढे कुठेतरी ट्रक उलटला म्हणून सगळा रस्ता थांबला, आणि गाडी उभी राहिल्यावर दहाच मिनिटांत तो आवाज पातळ व्हायला लागला.

"गेला," निनोस्लाव म्हणाला. त्याने झडपेसमोर हात धरला. "बाबा, गेला बघा."

त्याने बटण बंद केलं, पंखा जोरात केला. पंखा आत घरघरत होता आणि बाहेर काही येत नव्हतं. स्लाजानाने डबा उघडला. गार पिशव्या दवाखान्यातच कोमट झाल्या होत्या. तिने फवाऱ्याने पोरीचं तोंड, मान, हात भिजवले. बंद गाडीत ते पाणी तसंच राहिलं, गरम व्हायला लागलं.

"आई, मला कसंतरी होतंय," इस्क्रा म्हणाली.

"हो, राणी. आत्ता गार होईल."

"आई, दात काढ. दात गरम झालेत."

स्लाजानाने दात काढून रुमालात ठेवले. तिचे हात स्थिर होते, आवाजही स्थिर होता. पण ग्रादिमिरने आरशात तिचं तोंड पाहिलं आणि तो मागे वळला. पोरीचे गाल लालभडक, कपाळ कोरडं, डोळे अर्धे. गेल्या जूनमध्ये हेच डोळे त्याने झोपाळलेले समजले होते. पुढे गाड्या, मागे गाड्या, उजवीकडे कठडा. अँब्युलन्स आली असती तरी कुठून येणार?

तेव्हा तो बोलला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

"फिल्टरला खोळ आहे. मी शिवून घातली. मार्चमध्ये."

निनोस्लाव गर्रकन वळला. "काय आहे?"

ग्रादिमिरने कप्पा धरला आणि ओढला. दोन खिट्ट्या सुट्याच होत्या, तिसरी तुटली. फिल्टर बाहेर आला, त्याच्यावर त्याची ती सुबक खोळ, चारी कडांना दाबशिलाई, गार आणि ओली. मागे पोकळीत पांढरा बर्फ थापलेला दिसत होता. फिल्टर निघाल्याबरोबर पंख्याचा आवाज बदलला, पण बर्फ होता तिथेच होता. वितळायला वेळ लागणार होता. तोझाने सांगितलेली पंधरा मिनिटं आता सुरू झाली होती.

ग्रादिमिरने खोळ फिल्टरवरून फाडून काढली, मागे वळून ती पोरीच्या छातीवर ठेवली. मग दार उघडून खाली उतरला. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. त्याने एका बाजूचं सरकतं दार उघडलं, वळसा घालून दुसऱ्या बाजूचं उघडलं. दोन्ही दारं समोरासमोर, आणि मधे ओलीचिंब पोर. शेतांवरून वारं आलं आणि गाडीतून आरपार गेलं. एक्कावन्न वर्षं तो ज्याच्यापासून पळत होता ते हेच, आणि आता त्याने ते स्वतःच्या हाताने आत घेतलं होतं.

"पाणी ओत," तो सुनेला म्हणाला. "सगळं ओत तिच्यावर. केसांवर ओत."

स्लाजानाने बाटली पोरीच्या डोक्यावर रिकामी केली. ग्रादिमिरने गळ्यातला रुमाल सोडला, भिजवला आणि तिच्या मानेला लावला. मग एका सदऱ्याची दोन टोकं त्याने धरली, दोन निनोस्लावने, आणि दोघं पोरीवर वारा घालायला लागले. ग्रादिमिरचे दात वाजत होते. एकेचाळीस डिग्रीत त्याचे दात वाजत होते. आता तोंड वाकडं होणार हिचं, त्याला वाटत होतं. आता कान फुटणार, आता छाती भरणार. आणि हात मात्र थांबत नव्हते.

शेजारच्या गाडीत एक बाई बसल्या होत्या, काळ्या कपड्यातल्या, त्याच्याच वयाच्या. काच बोटभर खाली करून त्या म्हणाल्या, "अहो, मूल ओलं आहे. एक दार तरी लावा. वारं जाईल पोरीवरून."

ग्रादिमिर त्यांच्याकडे वळला. त्याचा अर्धा चेहरा त्यांनी पाहिला असणार, कारण त्या एकदम गप्प झाल्या.

"माहीत आहे मला, बाई," तो म्हणाला. "तुमच्याकडे पाणी असेल तर द्या."

बाईंनी दोन बाटल्या दिल्या आणि काच घट्ट लावून घेतली.

ती पंधरा मिनिटं ग्रादिमिर आजही मोजतो. स्लाजाना दर मिनिटाला पोरीच्या कानात थर्मामीटर घालायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. एकोणचाळीस आठ. एकोणचाळीस नऊ. एकोणचाळीस नऊ. मग पुन्हा एकोणचाळीस नऊ, आणि निनोस्लाव सदरा हलवता हलवता रडायला लागला. गाडीखाली पाणी टपकायला लागलं होतं, मग धार लागली. एकोणचाळीस सात. इस्क्राने डोळे उघडले आणि म्हणाली, "आजोबा, तुझा रुमाल ओला झाला."

"होऊ दे," तो म्हणाला.

पुढच्या झडपांतून गार हवा यायला लागली, मग मागच्या. दारं लावली. आकडा उतरत अडतीस दोनवर आला तेव्हा पुढच्या गाड्या हलायला लागल्या. ग्रादिमिर अजून रस्त्यावरच उभा होता, पुढच्या सीटचं दार धरून. आत बसायचं की नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याच्या मनात सगळं ठरून गेलं होतं. घरी गेल्यावर चिंध्यांचे घोडे पिशवीत घालून सुनेकडे द्यायचे. ती मागायच्या आधी द्यायचे.

स्लाजाना मागून उतरली. तिच्या हातात ती खोळ होती, पिळून घडी केलेली.

"मंगळवारी तोझाने विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला सांगितलं होतं काय होईल ते."

"हो. सांगितलं होतंस."

मागची गाडी भोंगा वाजवायला लागली. स्लाजानाने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने खोळ कठड्यापलीकडे गवतात टाकली आणि पुढच्या सीटवर स्वतः जाऊन बसली.

"तुम्ही मागे बसा, तिच्याजवळ," ती समोर बघत म्हणाली. "झोत तिच्या अंगावरच राहिला पाहिजे. झडप हलते सारखी, ती धरून ठेवा. घरापर्यंत."

निशचं वळण येण्याआधीच पोर झोपली. दर पाच मिनिटांनी ग्रादिमिर तिला हलवून उठवायचा, ती चिडायची, आणि ती चिडली की त्याला श्वास घेता यायचा. झडप त्याने दोन बोटांनी धरली होती. हवा त्याच्या हातावरून जाऊन तिच्या ओल्या मानेवर पडत होती आणि तिथल्या विरळ केसांची बट हलत होती. ती बट हलली की दर वेळी त्याला हिवाळ्यातलं तिचं कण्हणं आठवायचं. बोटं बधिर झाली, मनगट झालं, अर्ध्या मिटल्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. झडप जराशी वळवली असती तरी पुढच्यांना कळलं नसतं. पिरोत येईपर्यंत त्याने ती वळवली नाही.